विसावा टाकी

"अंगठा ठेवायचा का काढायचा, तेवढं सांगा गुरुजी," डॉक्टर तेरदाळे म्हणाले. "इन्सुलिन आज सुरू केलं तर वाचेल. नाही तर पुढच्या महिन्यात अंगठा, दिवाळीपर्यंत पाऊल, आणि त्याच्या पुढचं मी बोलत नाही."

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या काळ्यानिळ्या अंगठ्याकडं वर्गात उशिरा आलेल्या पोराकडं बघावं तसं बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "डुकराचं औषध मी घेणार नाही."

"अहो, डुकराचा जमाना गेला! आता कारखान्यात होतंय ते. तुमची लेकच करते की!" असं म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडं बोट दाखवलं, आणि मी घाईनं भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले.

त्याचं कारण असं. आम्ही शिरोळकडचे जैन, कृष्णाकाठचे मगदूम. आण्णा बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. आमच्या घरी पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नाही, आणि गाळलेलं फडकं झटकून टाकायचं नसतं. फडक्यात अडकलेले बारीक जीव ज्या पाण्यातनं आले त्या पाण्यात परत सोडायचे असतात. पूर्वी परसात आड होता तेव्हा ठीक होतं. नळ आले, आणि नळाचं पाणी नदीचं. मग काय, आण्णा रोज सकाळी ते फडकं तांब्यात खळबळून, तांब्या घेऊन अर्धा मैल चालत नदीवर जायचे आणि जीव सोडून यायचे. मी एकदा सांगितलंसुद्धा, "आण्णा, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यात काही जिवंत राहत नाही." तर म्हणाले, "एखादा राहिला असला तर?" त्याच घाटाच्या पायरीला ठेच लागून अंगठ्याला जखम झाली, आणि साखरेनं ती चिघळली.

असा हा माणूस. आणि त्याची लेक, म्हणजे मी पद्मजा, कागलजवळच्या एका औषध कंपनीत पाच हजार लिटरच्या पिंपात जंतू वाढवत होते आणि काम झालं की मारत होते. घरी मी दोन वर्षं नुसतं 'औषधाच्या कंपनीत आहे' एवढंच सांगितलेलं.

परतीच्या जीपमध्ये उलटतपासणी सुरू झाली.

"कशापासून करता?"

"जंतूंपासून. त्यांच्यात माणसाचं इन्सुलिन करायची कृती घालून ठेवलेली असते. मग ते आपणहून करतात."

"म्हणजे जीवच की."

"एका इंद्रियाचे, सगळ्यात खालच्या पायरीचे, आण्णा. दिसत पण नाहीत."

"दिसत नाही म्हणून नाही म्हणायचं व्हय? एका बाटलीला किती लागतात?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण गणिताच्या मास्तराची पोरगी मी, हिशेब तोंडातनं बाहेर पडलाच. "साधारण शंभर अब्ज."

आण्णा हादरले. मग त्यांच्या चेहऱ्यावर, अशा वेळीसुद्धा, मास्तराचा आनंद उमटला. "एक निखर्व! बत्तीस वर्षं हा शब्द शिकवला, वापरायची वेळ आज आली." आणि लगेच गंभीर झाले. "मग औषध कसं काढता त्यांच्याकडनं?"

खरं म्हणजे औषध त्यांच्या पोटात तयार होतं, आणि काढायचं तर पोटं फोडावी लागतात. मी समोर त्यांचा बांधलेला पाय बघत होते. मी म्हणाले, "गाईची धार काढतात ना, तसं."

"किती सड असतात त्यांना?"

ड्रायव्हरनं आरशातनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "सड नसतात. आपसूक झिरपतं."

"आणि काम झाल्यावर?"

"सोडून देतो. पाण्यात."

आण्णांनी बाहेर उसाच्या फडांकडं बघत बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "मग चालंल."

त्या संध्याकाळी मी त्यांना पहिली सुई टोचली. आमच्याकडं जेवण दिवस मावळायच्या आत, त्यामुळं सुई त्याच्याही आधी. महिन्याभरात साखर उतरली. अंगठा काळ्याचा निळा, निळ्याचा लाल झाला. डॉक्टर तेरदाळे म्हणाले, "गुरुजी, अंगठा पास!" आई देवळात नारळ ठेवून आली. आणि मी म्हटलं, एक थाप मारून बापाचा पाय वाचत असेल तर मारली थाप, काय बिघडलं?

बिघडलं ते कंपनीच्या आमंत्रणानं. कामगारांच्या घरच्यांना वर्षातनं एकदा कारखाना दाखवायचा कुटुंब मेळावा असायचा, आणि त्याचं छापील कार्ड थेट घरच्या पत्त्यावर गेलं. मी रविवारी घरी गेले तर आण्णांचं धोतर इस्त्री होऊन खुंटीवर टांगलेलं.

"ज्यांच्या जिवावर माझा पाय शाबूत आहे, त्यांना एकदा बघून यावं म्हणतो," आण्णा म्हणाले.

मी ताप आणायचा प्रयत्न केला, आला नाही. कंपनीत जाऊन दस्तगीर मुलाणींच्या पुढ्यात बसले. दस्तगीरभाई आमच्या विभागाचे सगळ्यात जुने ऑपरेटर. पाहुण्यांना यंत्रं दाखवायचं काम दरवर्षी त्यांच्याकडंच असायचं. मी सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले, आणि मग डोळे पुसून म्हणाले, "मॅडम, आमचा आजा गावाची बकरी कापायचा. पण सात पिढ्यांच्या मुलाण्यांनी मिळून कापली नसतील तेवढी मी एका वॉल्व्हला मारतो. आणि जैनाच्या लेकीनं माझ्याकडं यावं व्हय, मारत नाही म्हणून सांगा म्हणायला?"

"दस्तगीरभाई, त्यांनी सुई बंद केली तर पाय जाईल हो."

ते हसायचे थांबले. "पाय जाऊ द्यायचा नाही. आपण बघू की."

अडचण एकच होती. औषध काढून झालं की जो चोथा उरतो त्यात काही मेलेले, काही जिवंत असे जंतू असतात. ते बाहेर सोडायचे नाहीत असा कायदाच आहे. ते सगळे एका मोठ्या टाकीत घालून वाफेनं मारायचे. त्या टाकीवर लाल अक्षरात 'किल टँक' असा हातभर बोर्ड होता. आण्णांना इंग्रजी येत होतं. मी ड्रॉइंगपेपर आणला, निळ्या स्केचपेननं ठसठशीत 'विसावा टाकी' असं लिहिलं, आणि डिंकानं त्या बोर्डावर चिकटवलं. दस्तगीरभाईंनी लांब जाऊन बघितलं आणि म्हणाले, "मलाच आत जाऊन पडावं वाटाय लागलंय."

मेळाव्याच्या दिवशी आण्णा आले. धोतर, काळी टोपी, टोपीवर कंपनीनं दिलेली निळी जाळी, आणि पायात कापडी पिशव्या. एवढ्या लोकांत तेच एकटे असे होते की जे यंत्र दिसेल त्याला आधी हात जोडत होते.

दस्तगीरभाईंनी त्यांना मोठ्या पिंपाच्या काचेपाशी नेलं. आत पिवळसर फेस उसळत होता.

"हेच ते?"

"हेच, आण्णा."

"खातात काय?"

"साखर. दिवसभर नुसती साखर."

"आणि मला बंद!" आण्णा म्हणाले, आणि मागचे लोक हसले. माझाही जीव भांड्यात पडला. वाटलं, निभावलं.

मग आम्ही टाकीपाशी आलो. माझा सगळा बेत या एका गोष्टीवर होता, की वाफ दुपारी दोनला सुटेल आणि तोवर पाहुणे जेवायला गेलेले असतील. पण मेळाव्याचं जेवण होतं, बासुंदी होती. दस्तगीरभाईंच्या जागी उभ्या असलेल्या ऑपरेटरनं विचार केला की हे उरकूनच पंगतीला बसू. वर जिन्यावरून त्याची आरोळी ऐकू आली, "ए, माझं ताट धरून ठेवा रे!"

आण्णा बोर्ड वाचत होते. "विसावा टाकी. वा! नाव झकास ठेवलंय."

"काम करून दमतात ना," मी म्हणाले.

आणि टाकीतनं आवाज आला. धाड! थंड नळात एकदम वाफ घुसली की नळात साचलेलं पाणी असं आपटतं, आम्हाला सवयीचं होतं. आण्णा दोन पावलं मागं सरले.

"हे काय?"

"कूस बदलतात, आण्णा," दस्तगीरभाई म्हणाले.

धाड! धाड!

"सगळे एकदम?"

"शिस्तीचे आहेत."

आता टाकीच्या अंगानं वाफेचे लोट यायला लागले. आण्णांनी हात पुढं केला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "विसावा घेणाऱ्याला एवढी वाफ कशाला?"

दस्तगीरभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. "थंडी वाजते त्यांना," ते म्हणाले, पण या वेळी आवाजात दम नव्हता.

आणि तेवढ्यात वाफेनं माझा डिंक सुटला. ड्रॉइंगपेपर आधी एका कोपऱ्यातनं वाकला, मग सावकाश पुढं झुकला, आणि आण्णांच्या पायापाशी येऊन पडला. वर लाल अक्षरं. आण्णांनी ती वाचली. खाली वाकून कागद उचलला, तोही वाचला. अक्षर ओळखीचं होतं, त्यांनीच घोटून घेतलेलं.

ते माझ्याकडं वळलेच नाहीत. दस्तगीरभाईंना म्हणाले, "तुम्ही रोजे धरता?"

"धरतो, आण्णा."

"मग खरं सांगा."

दस्तगीरभाईंनी डोक्याची जाळी काढली. "मारतो, आण्णा. औषध काढताना पोटं फोडतो, आणि उरलेल्यांना इथं वाफ देतो. रोज. सोडता येत नाही, बाहेर सोडले तर गुन्हा आहे. मॅडमनी तुमच्या पायासाठी सांगितलं तसं. त्यांच्यावर रागवू नका."

आण्णांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. जेवणाला ते बसले नाहीत. परतीच्या वाटेत खिडकीकडं तोंड करून बसले. उसाचे फड मागं जात होते आणि मी मनात अंगठा, पाऊल, गुडघा असं मोजत होते. मला स्वतःचा एवढा राग त्याआधी कधी आला नव्हता.

दिवस कलायला लागला. सुईची वेळ झाली. मी फ्रिजमधनं बाटली काढली आणि सोप्यात त्यांच्यापुढं ठेवली. सुई भरायचं धाडस होईना.

"खोटं का बोललीस?"

"पाय गेला असता तुमचा. खरं सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं असतं का?"

"नसतं घेतलं," आण्णा म्हणाले. अंगठ्यावरनं हात फिरवला. "तुझं तेवढं बरोबर आहे. नसतंच घेतलं."

"आणि आता?"

"आता ते मेलेत. ह्या बाटलीतले निखर्व मेलेत. मी नाही घेतलं तर फुकट मेले. ते तर आणखी वाईट." त्यांनी बाही वर केली. "घाल सुई."

माझ्या डोळ्याला धार लागली होती, सुई धड दिसत नव्हती. आण्णा म्हणाले, "अगं बघून टोच, का मला पण विसावा देतीस?"

मग हसत, रडत टोचली. बाही खाली घेत ते म्हणाले, "मी काय मुनी न्हाई. संसारी माणूस. शेतात नांगर घातला की जीव मरतातच, चूल पेटवली तरी मरतात. पण माझा बाप नांगर धरायच्या आधी हात जोडून उभा राहायचा. माफ करा, म्हणायचा. भाद्रपदात आपण साऱ्या जगाची क्षमा मागतो, आणि तुमचा तो माणूस निखर्व जीव मारताना माझं ताट धरा म्हणून ओरडतो. हे बरं न्हाई, पद्मा. वाफ सोडायच्या आधी थांबायचं. हात जोडायचे. तू नसलीस तर त्या मुलाण्याला सांग."

"किती वेळ?"

आण्णांनी विचार केला. "अर्धा मिनिट तर द्या बिचाऱ्यांना."

"आण्णा, त्यांना काय कळणार?"

"एखाद्याला कळत असलं तर?"



दस्तगीरभाईंना सांगितलं तर ते म्हणाले, "हे तर आधीच करायला पाहिजे होतं, मॅडम. आमचा आजा पण नाव घेतल्याशिवाय सुरी लावायचा नाही." दुसऱ्या दिवसापासून ते वॉल्व्हपाशी उभे राहून, डोळे मिटून तीस सेकंद थांबायला लागले.

पण औषधाच्या धंद्यात एक नियम आहे. केलंत ते लिहायचं, आणि लिहिलंय तेवढंच करायचं. प्रत्येक बॅचच्या कागदावर प्रत्येक पायरीची वेळ लिहावी लागते. चाळिसाव्या आणि एक्केचाळिसाव्या पायरीत रोज अर्ध्या मिनिटाचं अंतर दिसायला लागलं, आणि गुणवत्ता विभागाचे देवस्थळी साहेब जागे झाले.

देवस्थळी म्हणजे आमचे यमराज. कुठंही काही वेगळं झालं की कारण लिहून द्यायचं, आणि ते लाल शाईनं शेरा मारून परत पाठवायचे, 'कारण अपुरे'. त्यांनी स्वतःच्या रजेच्या अर्जावरही हा शेरा मारला होता असं लोक म्हणायचे. मी लिहिलं, 'टाकीतील दाब स्थिर होण्यासाठी.' कारण अपुरे. मी लिहिलं, 'सुरक्षिततेसाठी.' कारण अपुरे, कोणाच्या? शेवटी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मगदूम, खरं कारण सांगा."

मी थापांना विटलेली होते. पहिल्यापासून सगळं सांगितलं, सड आणि बासुंदीसकट. देवस्थळींच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं.

"कारण खरं आहे," ते म्हणाले. "पण लिहिता येण्यासारखं नाही. त्या अर्ध्या मिनिटात खालचा निचऱ्याचा नळ उघडा ठेवा. साचलेलं पाणी निघून जाईल आणि तुमची ती धाडधाड बंद होईल. ते लिहा. तेही खरंच आहे."

तसं केलं, आणि धाडधाड खरोखरच बंद झाली. 'पायरी चाळीस-अ: निचरा उघडून तीस सेकंद थांबणे' असं रीतसर छापून आलं. पुढं परदेशातनं तपासणीला आलेल्या एका साहेबानं त्या पायरीचं कौतुक केलं. त्याला फक्त एक कळेना, की नळ उघडल्यावर ऑपरेटर हात का जोडतो. दस्तगीरभाईंनी त्याला सांगितलं, "हातमोजे नीट बसलेत का बघतोय, साहेब."

आण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले. दहाच्या दहा बोटांवर चालत रोज नदीवर जायचे, तांब्या घेऊन. मी घरी गेले की सुई टोचताना दर वेळी विचारायचे, "थांबला होता ना?" मी म्हणायचे, थांबलो होतो. आणि ते खरं असायचं. कार्तिकातल्या एका सकाळी ते घाटावरनं आले, तांब्या पालथा घातला, आणि बसल्या जागी गेले.

मी तेरा दिवसांनी कामावर रुजू झाले. टेबलावर मी नसतानाच्या बॅचांचे कागद सहीला पडले होते. ते चाळत चाळत मी आण्णा गेले त्या तारखेला आले. पायरी चाळीस-अ. छापलेली वेळ तीस सेकंद. प्रत्यक्ष लिहिलेली वेळ, पाच मिनिटं. नियमाप्रमाणं सोबत कारणाचा कागद जोडलेला होता, आणि त्यावर दस्तगीरभाईंच्या गोल गोल अक्षरात एकच ओळ होती.

'मगदूम आण्णा गेले.'

खाली देवस्थळींचा लाल शाईतला शेरा होता. अकरा वर्षांत मी त्यांच्या हातचा तसा शेरा बघितला नव्हता. ज्याच्या त्याच्या कागदावर त्यांनी मारलेला तो एक शब्द मला पाठ होता, म्हणून मी आधी चुकीचंच वाचलं. मग डोळे पुसून पुन्हा वाचलं.

'कारण पुरेसे.'